वाचकांचे प्रश्न : कॉलेजच्या पोरांना भाड्यानं द्यायला घर घ्यावं काय?

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूरचा, वय 36, बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, रोज ये-जा करतो. गावात आमचं स्वतःचं घर आहे त्यामुळं राहायची चिंता नाही. दहा-बारा वर्षांत 16 लाख साठलेत, बायको म्हणते बँकेत ठेवून काय होणार, एक फ्लॅट घेऊन कॉलेजच्या पोरांना भाड्यानं देऊया. भाग्यनगरात दोन बेडरूमचा एक जुना फ्लॅट बघितलाय, दुसरा मजला, लिफ्ट नाही, 38 लाख सांगायलेत. एजंट म्हणतोय चार पोरं ठेवा, डोक्यामागं साडेचार हजार, महिन्याला 18 हजार कुठं गेले नाहीत, हप्ता भाड्यातनंच सुटतोय. 26 लाख कर्ज काढावं म्हणतोय. आमचे वडील मात्र म्हणायलेत पोरांच्या नादाला लागू नको, घराची वाट लावतील. काय करू?

उत्तर : हप्ता भाड्यातनं सुटत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा आणि मग पुढचं बोलू. 26 लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं, म्हणजे हप्ता साधारण साडेबावीस हजार. एजंटचा 18 हजाराचा आकडा अगदी खरा धरला तरी दर महिन्याला साडेचार हजार खिशातनं जाणारच, आणि तो आकडा खरा नाहीये कारण त्यानं बारा महिने धरलेत. कॉलेजची पोरं बारा महिने राहत नाहीत हो. परीक्षा संपली की गावाला जातात, शेवटच्या वर्षाची पोरं इंटर्नशिप लागली की मधल्यामधी पुण्याला नाहीतर बेंगळूरला जातात, आणि नवीन पोरं सीईटीचं कौन्सेलिंग संपल्याशिवाय येत नाहीत. मी स्वतः हिंदवाडीत वरच्या मजल्यावर 14 वर्षं पोरं ठेवतोय, दहा महिन्यांच्या वर कधीच हिशोब धरला नाही.

तर दहा महिने 18 हजार म्हणजे 1 लाख 80 हजार. चारातली एक कॉट चार महिने रिकामी राहणारच, तिचे 18 हजार वजा करा, राहिले 1 लाख 62 हजार. अपार्टमेंटचा मेंटेनन्स महिना दीड हजार धरला तर वर्षाचे 18 हजार, तो घर रिकामं असलं तरी भरायला लागतो. घरपट्टी, एखादा गिझर, नळ, वर्षाआड रंग, ह्याला 20 हजार. हातात राहिले 1 लाख 24 हजार. हप्ते वर्षाचे 2 लाख 70 हजाराच्या वर. म्हणजे महिन्याला बारा हजाराच्या आसपास तुमच्या पगारातनं घालायला लागणार, तेही एकदोन वर्षं नाही, भाडं वाढेपर्यंत लई वर्षं.

आता 16 लाखाचं बघा. 38 मधनं 26 गेले, 12 तुमचे. रजिस्ट्रेशनला कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज मिळून शहरात 5.6 होतात, आणि रजिस्ट्रेशन फी 31 ऑगस्ट 2025 पासनं 1 टक्क्याची 2 टक्के झालीय, सगळं मिळून 7.6. 38 लाखावर जवळजवळ 2 लाख 89 हजार. हे पैसे बँक कर्जात धरत नाही, रोख पाहिजेत. 45 लाखाच्या आतल्या फ्लॅटला ड्युटीत सवलत आहे असं कोणीतरी सांगेल, ती बिल्डरकडनं पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या फ्लॅटची, तुमचा जुना आहे. आणि गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेली किंमत, 38 पेक्षा जास्त निघाली तर ड्युटी त्या आकड्यावर बसते हेही एजंट बोलत नाही, सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन आधी बघून या. मग चार कॉट, गाद्या, पंखे, टेबलं, पाण्याचा फिल्टर, लाख-सव्वा लाख. झाले तुमचे 16 लाख, झाडून. घरात लहान मुलं असतील, आईवडील आहेत, आणि हातात एक रुपया न ठेवता 20 वर्षांचं कर्ज काढायचं ह्याला मी तरी हो म्हणणार नाही. निदान सहा हप्ते, म्हणजे एक लाख 35 हजार, वेगळे बाजूला असल्याशिवाय सही करू नका. एकतर फ्लॅटचा मालक 35 लाखाच्या आसपास येतोय का बघा, नाहीतर वर्षभर थांबा. भाग्यनगर कुठं पळून जात नाही.

मग घ्यावंच कशाला असं तुम्ही म्हणाल. पगारातले बारा हजार जर घरखर्चाला हात न लावता निघत असतील तर घ्या, माझा विरोध नाही. तुम्ही खानापूरचे आहात, उद्या तुमची मुलं अकरावी-बारावीला, पुढं डिग्रीला बेळगावला येणार, तेव्हा त्यांना लोकाच्या खोलीत राहायला लागणार नाही, हे मला भाड्यापेक्षा मोठं वाटतं. पण मग घर निवडताना तसंच निवडायला पाहिजे.

जागा चुकीची नाहीये तुमची. बेळगावात पोरांची गर्दी कुठं आहे बघा : उद्यमबागला गोगटे इंजिनिअरिंग आणि केएलईचं इंजिनिअरिंग, टिळकवाडीत आरपीडी, जीएसएस आणि लॉ कॉलेज एकमेकांच्या हाकेवर, शहापूरला केएलईचं आयुर्वेद, आणि नेहरूनगरला मेडिकल. नेहरूनगरला मेडिकलची पोरं बरीचशी हॉस्टेललाच असतात आणि तिथले दर तुमच्या बजेटात बसणार नाहीत. मच्छेला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आहे म्हणून तिकडं स्वस्तात घ्या असंही सांगतील, पण नावाला विद्यापीठ मोठं असलं तरी व्हीटीयूची बहुतेक पोरं राज्यभरातल्या कॉलेजात शिकतात, ती सगळी मच्छेला राहायला येत नाहीत. भाग्यनगरचं बरं असं की एका बाजूला आरपीडी, दुसऱ्या बाजूला उद्यमबाग, दोन्हीकडची पोरं मिळतात. फक्त एक दिवस सकाळी त्या फ्लॅटच्या दारातनं निघून पोरगा जाईल तसं कॉलेजच्या गेटापर्यंत चालत जा, घड्याळ लावून. वीस मिनिटांच्या वर गेलं, किंवा मधे रेल्वे गेट पडलं, की समजा गाडी असलेलीच पोरं येणार, आणि मग चार पोरांच्या चार गाड्या कुठं लावणार हा प्रश्न शेजाऱ्यांच्या तोंडनं तुम्हाला ऐकायला लागणार.

पाणी. बेळगावात पोरांना घर द्यायचं म्हणजे पाण्याचं आधी, बाकी सगळं नंतर. राकसकोप आणि हिडकल दोन्हीकडनं पाणी येतंय तरी काही भागात चोवीस तास नळ आणि काही भागात दिवसाआड, तीन दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहून जास्त. माणशी 135 लिटर हे शहरातल्या पाणीपुरवठ्याचं सरकारी माप आहे, चार पोरांचे रोजचे 540 लिटर झाले, आणि पाणी चौथ्या दिवशी आलं तर 2 हजार लिटरच्या वर साठवण पाहिजे. त्या फ्लॅटच्या वाट्याला गच्चीवर किती लिटरची टाकी आहे हे विचारलं काय तुम्ही? बोअर आहे काय, एप्रिल-मेमध्ये चालतीय काय, टँकर आला तर पैसे सगळ्यांत वाटून की फ्लॅटवार? आणि हे एजंटला विचारू नका, खालच्या मजल्यावर ज्या बाई राहतात त्यांना विचारा, त्या खरं सांगतात. टिळकवाडी-शहापुरातल्या जुन्या घरांना विहिरी आहेत, मी तर म्हणतो दर थोडा जास्त पडला तरी विहिरीचं घर सोडू नये.

घर बघायचं ते जुलैमध्ये बघा. आपल्याकडचा पाऊस असा की उन्हाळ्यात रंग मारलेली भिंत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं सांगून टाकते. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या वरचा भाग, आणि चार पोरांची कपडे वाळत घालायला छपराखाली जागा आहे काय. ही बारीक गोष्ट वाटेल पण ओल्या कपड्यांच्या वासानं मी एक चांगलं पोरगं घालवलंय, नंतर पत्रा घातला.

आता कागदं. इथं मला जरा जास्त बोलायचंय कारण इथं मी फसलोय. आपला भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं जुनी खरेदीखतं मराठीत, काही तर मोडीत, आणि आत्ताचं सगळं कन्नडमध्ये. आपल्यातली लई माणसं कन्नड बोलतात, बाजारात भांडतात सुद्धा, पण खरेदीखताचं कन्नड वाचता येत नाही आणि ते सांगायला लाजतात. मीही लाजलो. खरेदीच्या दिवशी बाँड रायटरनं भराभर वाचून दाखवलं, मी मान हलवली, सही केली. पार्किंगचं तोंडी ठरलेलं होतं ते खतात नव्हतंच, आणि ते कळलं तेव्हा तिथं दुसऱ्याची गाडी उभी होती. आठ वर्षं माझी गाडी रस्त्यावर होती. म्हणून सांगतो, मसुदा चार दिवस आधी मागून घ्या, कन्नड वाचणाऱ्या वकिलाकडनं एकेक ओळ मराठीत समजून घ्या, त्याची फी द्या, आणि चतु:सीमा, क्षेत्रफळ, पार्किंग, गच्चीचा हक्क स्वतःच्या हातानं मराठीत लिहून घेऊन खताशी ताडून बघा. ह्यात कमीपणा कसला.

कागदं कुठली, तर सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा, महापालिकेचा ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद, हा नसला तर आता रजिस्ट्रेशनच होत नाही), मंजूर प्लॅन, मूळ खरेदीखतापासनं आत्ताच्या मालकापर्यंतची सगळी साखळी, आणि ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या बोजाचा दाखला. ईसी 30 वर्षांची काढा. रजिस्ट्रेशन खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन मिळते ती एप्रिल 2004 नंतरची, त्याआधीची ऑफिसात अर्ज देऊन काढायला लागते आणि बरेच जण तिथंच कंटाळा करतात. फॉर्म 15 आला तर त्यात व्यवहारांची यादी असते, फॉर्म 16 म्हणजे त्या काळात नोंदलेला बोजा किंवा व्यवहार काही नाही. मालकाचं जुनं कर्ज असेल तर बँकेचं फिटल्याचं पत्र नुसतं बघू नका, ईसीत ते उतरलंय काय बघा. आणि एकत्र कुटुंबातनं आलेली जागा असली तर बहिणींच्या सह्या. बहिणींनी तोंडी सोडलंय म्हणतात, ते ऐकून घेऊ नका, हिंदू वारसा कायद्यात 2005 पासनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाएवढाच हक्क आहे.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात : भाड्यातनं भरलेली घरपट्टी वजा, मग 30 टक्के सरसकट वजा, मग कर्जाचं व्याज वजा. पहिल्या वर्षी तुमचं व्याजच दोन लाखाच्या वर जाणार, म्हणजे भाड्यावर टॅक्स बसणार नाही. उरलेला तोटा पगारातनं वजा करायचा तर जुन्या पद्धतीतच, तोही 2 लाखापर्यंत, नवीन पद्धतीत ते चालत नाही. तेव्हा टॅक्स वाचतो म्हणून घर घ्या असं कोणी म्हणालं तर तुमची पद्धत कुठली ते आधी बघा.

वडिलांचं म्हणणं राहिलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांची भीती खोटी नाही, पण 14 वर्षांत माझ्या घराचं जे नुकसान झालं ते पोरांनी कमी केलं आणि मी वेळेवर न बघितल्यानं जास्त झालं. गळका नळ पोरांनी सांगितला होता, मी म्हटलं रविवारी बघू, असे पाच रविवार गेले आणि खालच्या घराचं छत ओलं झालं. पोरं म्हणजे कोण हो, चंदगडची, निपाणीची, गडहिंग्लजची, सावंतवाडीची, पहिल्यांदा घर सोडून आलेली. चंदगडच्या एका पोराची आई दरवर्षी नवीन तांदूळ पाठवायची. ताप आला तर त्यांना डॉक्टरकडं कोण नेणार, मालकच नेणार. तुम्ही रोज उद्यमबागला येताच, आठवड्यातनं एकदा संध्याकाळी दहा मिनिटं जाऊन या, अचानक नाही, सांगून जा. ते जमणार नसेल तर मात्र वडिलांचं ऐका आणि हा फ्लॅट एखाद्या कुटुंबाला द्या, भाडं कमी येईल पण बारा महिने येईल.

ॲग्रीमेंट 11 महिन्यांचं, स्टॅम्प पेपरवर. चारही पोरांची नावं एकाच कागदावर आणि प्रत्येकाच्या वडिलांची सही. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, पोरं 18 च्या आतली असतात, त्यांनी केलेला करार कायद्यात टिकतच नाही, करार वडिलांशीच करायला पाहिजे. आधार, कॉलेजचं ओळखपत्र, घरचा फोन, आणि हे सगळं जवळच्या पोलीस स्टेशनला नेऊन द्यायचं. खोली ताब्यात देताना मोबाइलवर एक व्हिडिओ काढा, भिंती, नळ, कॉटा, मीटरचा आकडा, आणि तो त्यांच्या वडिलांनाही पाठवा, डिपॉझिट परत देताना निम्मी भांडणं तिथंच मिटतात. हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल पोरांनी भरायचं असं लिहून घ्या. गृहज्योतीला, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेला, भाडेकरूलाही अर्ज करता येतो, पण मग मीटरला त्याचा आधार जोडला जातो, पोरगा सोडून जाताना तो काढून घ्यायला विसरू नका.

आणि सोसायटीला आधी विचारा, बॅचलर चालतात काय. खरेदी झाल्यावर विचारून उपयोग नाही.


प्रश्न : काका, आमचं वडगावला जुनं घर, वरती दोन खोल्या रिकाम्या आहेत. मिस्टरांचं म्हणणं कॉलेजच्या मुलींना द्यावं, मुलं नकोत. सासूबाई म्हणतात मुली म्हणजे जबाबदारी, काय झालं तर आपल्यावर येणार. मला स्वतःला मुली असाव्यात असं वाटतं. जेवणही करून देऊ शकते मी. कसं करावं?

उत्तर : ताई, मुलींनाच द्या. सासूबाईंचं म्हणणं जबाबदारीचं आहे तर त्यांनाच त्यात घ्या, कारण घरात मोठं माणूस आहे हे बघूनच मुलींचे आईवडील तुमच्याकडं येणार, तुमच्या खोल्यांपेक्षा त्यांना सासूबाई जास्त महत्त्वाच्या. जिना बाहेरनं आहे की घरातनं? बाहेरनं असेल तर वरती दिवा आणि आतनं लागणारी चांगली कडी पहिल्या दिवशी. संडास-बाथरूम वरतीच पाहिजे, रात्री खाली यायला लागता कामा नये, नसेल तर आधी ते बांधा आणि मग बोर्ड लावा.

येण्याची वेळ ठरवा पण ती मुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून ठरवा. आयुर्वेद किंवा नर्सिंगची मुलगी असली तर तिची ड्युटी रात्रीची असू शकते, तिला साडेसातचा नियम लावून कसं चालेल. आणि तुमची चावी तुमच्याकडं असली तरी दार वाजवल्याशिवाय कोणी वर जायचं नाही, घरातल्या पुरुष माणसांनी तर नाहीच, नळ दुरुस्त करायचा असला तरी मुली घरात असताना, त्यांना सांगून, तुम्ही सोबत.

जात विचारू नका ताई. लोक आडनाव विचारून मग खोली गेली म्हणतात, अशा चार दारांवरनं परत आलेली मुलगी मी माझ्या डोळ्यानं रडताना बघितलीय. तुमच्यात मांसमच्छी चालत नसेल तर घरात शिजवायचं नाही एवढं सरळ सांगा, ज्यांना चालतं त्या राहतील.

जेवण देणार असाल तर भाड्याचा आणि जेवणाचा हिशोब वेगळा ठेवा, गॅस आणि तुमचे कष्ट त्यात धरा, बाया स्वतःच्या कष्टाचे पैसे धरतच नाहीत. दोन-तीन मुलींपर्यंत हे घरगुती राहतं. पुढं वाढवून आठ-दहा मुलींची पीजी करायची झाली तर महापालिकेचं ट्रेड लायसन्स काढायला लागेल, आणि हेस्कॉमला विचारून घ्या मीटर घरगुतीच चालणार की कमर्शियल करायला लागणार.


प्रश्न : पिरनवाडीजवळ दोन गुंठे जागा स्वस्तात मिळायलीय. शेतजमीन आहे, पण एजंट म्हणतो पंचायतीचा उतारा देतो, वर दहा खोल्या बांधून पोरांना द्या. घ्यावी काय?

उत्तर : नको. एनए झालेली नाही, बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, मंजूर लेआउट नाही, अशी जागा स्वस्त असते कारण ती अडकलेली असते. पंचायतीचा उतारा देतो म्हणाला तर फॉर्म 9 आणि 11-ए देतोस काय विचारा. 11-बी हातात ठेवला तर समजा ती जागा नियमात बसत नाही, तिच्यावर बँक सहसा कर्ज देत नाही आणि बांधकामाला परवानगी मिळायचीही खात्री नाही. त्या एजंटला दिलेली इसाराची रक्कम असेल तर पावती आहे काय ते आजच बघा, आणि नसेल तर उद्या सकाळी जाऊन तारखेसह लिहून घ्या, सोबत कोणाला तरी घेऊन जा.